वाळूची कळशी

आरोंदेकर बाईंनी छताला टांगलेली वाळूची कळशी मुख्याध्यापकांच्या हातात दिली आणि त्यांच्या नाकापर्यंत ओढून आणली. "डोकं भिंतीला टेकलेलंच ठेवा, सर. ढकलू नका, नुसती सोडा. परत येईल, पण लागणार नाही."

"उपासतापास करणाऱ्या बाईंचं विज्ञान बघू तरी," सर म्हणाले, तशी नववीची मुलं खुदखुदली. आज सरांचा शेरा चांगला पडला तरच बाईंची नोकरी कायम होणार होती, आणि सरांना त्या जागी आपली भाची हवी होती.

त्यांनी कळशी सोडली आणि वर्गाकडे हसून बघत एक पाऊल पुढे टाकलं. कळशी परत फिरली. गप्प राहिलं तर तीन वर्षांच्या टोमण्यांची फेड होईल, असं बाईंच्या मनात आलंही. पण तोवर त्यांचा हात आडवा गेला होता. मनगटात कडकन काहीतरी मोडलं.

"बघा, बाईंचाच नियमावर विश्वास नाही," म्हणत सरांनी वहीत लिहिलं, 'प्रयोग फसला.'

बाईंनी डाव्या हाताने कळशी पुन्हा त्यांच्या नाकापाशी नेली. आवाज नेहमीसारखाच हळू होता.

"पुन्हा करू या, सर. या खेपेला मी मध्ये हात घालणार नाही."