डाव्या चाकापाशी

"जवळ ये, भुंग्या!" हेमांगीने व्हीलचेअरच्या डाव्या चाकावर थाप मारली. कुत्र्याचं शिकाऊ पिल्लू आलं, पण पुन्हा हातभर अंतर ठेवूनच थांबलं.

"चाकाला घाबरतंय ते," पायरीवर बसलेला नवरा म्हणाला.

"घाबरत नाही. जागा सोडतंय."

तिने मुद्दाम किल्ली खाली टाकली. ती उचलून मांडीवर ठेवायची, हे भुंग्याला पक्कं ठाऊक होतं. पण तो मधल्या मोकळ्या जागेकडे बघत बसून राहिला, जणू पाळी दुसऱ्या कुणाची होती.

नवऱ्यानेही तिकडे पाहिलं. त्या जागी नऊ वर्षं हेमांगीची मदतनीस कुत्री, काजळ, चालली होती. भुंग्याच्या जन्माआधीच ती तिथे, कामाचा पट्टा अंगावर असताना कोसळली, ती पुन्हा उठलीच नाही. रोज पट्टा सोडताना हेमांगी एक शब्द म्हणायची. तो ऐकल्याशिवाय काजळ चाकापासून हलत नसे. त्या दिवशी रडण्याच्या भरात तो म्हणायचा राहूनच गेला.

हात खाली सोडून हेमांगीने हवेतच पट्ट्याची कडी उघडली.

"सुट्टी, काजळ. जा बाळा, सुट्टी."

भुंग्याची नजर कुणाच्या तरी मागे फाटकापर्यंत गेली. मग किल्ली उचलून तो चाकाला अगदी चिकटून उभा राहिला.