झिजलेली मूठ

उस्मानपुऱ्यातल्या गॅरेजमध्ये राजकुमारनं फारूखचाचांच्या जुन्या गाडीला गिअरचा नवा, आखूड दांडा बसवला. दोन बोटांनीही सरकेल इतका हलका. मग जुन्या दांड्याची मूठ तो निरखत राहिला.

"चाचा, ही डावीकडूनच झिजली. चालवणाऱ्याचा हात तर उजवीकडून येतो."

चाचांनी मूठ रुमालात गुंडाळली.

"इतकी वर्षं जड गिअर ओढला, अन् आताच नव्या दांड्याची लई घाई?" राजकुमारनं विचारलं. " चाचीला फिरायला न्यायचं व्हय?"

"तिच्याकडंच जायचंय. पडेगावच्या कब्रस्तानात."

राजकुमारची नजर रुमालातल्या मुठीकडे गेली.



"माझ्या डाव्या हातात सहा वर्षांपासून जोर नाही, बेटा. क्लच मी दाबायचो, शेजारी बसून गिअर ती टाकायची."