खोटं चित्र

डॉक्टरांनी स्क्रीनवर तिच्या नवऱ्याच्या छातीचा एक्स-रे उघडला, आणि ते काही बोलायच्या आत तिचा अंगठा टेबलाच्या कडेवर दाबला गेला. फासळ्यांच्या आड, लिंबाएवढा पांढरट डाग.

"काय गं, दिसलं वाटतं काही?" शर्टाची बटणं लावत नवऱ्याने विचारलं. मग डॉक्टरांकडे वळून म्हणाला, "विमानतळावर बॅगा तपासते ही. हिच्या नजरेतून टाचणी सुटायची नाही. घरात काही लपवायची सोय नाही मला!"

डॉक्टर हसले नाहीत.

टाचणी सुटत नाही, हे काही खरं नव्हतं. नोकरीला लागताना प्रशिक्षण देणाऱ्या एका बाईंनी सगळ्यांना मेंदूची खोड समजावून सांगितली होती. दिवसभर साध्याच बॅगा सरकत राहिल्या, की मेंदू पुढचीही साधीच धरून चालतो. मग सुरी डोळ्यांसमोरून गेली तरी दिसत नाही. म्हणून बॅगांचा एक्स-रे काढणारं यंत्रच अधूनमधून कुणाच्या तरी बॅगेत खोट्या सुरीचं, खोट्या पिस्तुलाचं चित्र घुसवतं. काळजात धस्स होतं, अंगठा बटणावर जातो, आणि लगेच स्क्रीनच्या खालच्या पट्टीवर ओळ उमटते : शाबास, हे चित्र खोटं होतं. जिवात जीव येतो. पुढची बॅग सरकते.

इतक्या वर्षांच्या नोकरीत तिच्या वाट्याला खरं असं काही आलंच नव्हतं.

डॉक्टर सावकाश बोलत होते. गाठ आहे, तुकडा काढून तपासावा लागेल, उशीर करून चालणार नाही. शब्द कानावर पडत होते, पण आत काही हलत नव्हतं. भीती वाटत नव्हती, रडू येत नव्हतं. हात तर दुसऱ्याच कुणाचा असावा तसा टेबलावर पडला होता. अंगठ्याचं नख पांढरं पडलं होतं, आणि नजर स्क्रीनच्या खालच्या रिकाम्या पट्टीवर खिळली होती.

नवऱ्याने तिला हळूच कोपर मारलं. आता त्याचाही आवाज उतरला होता. "अगं, बोल ना काहीतरी. तू तर रोज बघतेस असलं."

डॉक्टरांनी चित्र बंद करायला माउसकडे हात नेला.

"थांबा," ती म्हणाली.

"अजून काही बघायचंय का?"

"नाही, बघून झालं. एवढ्यात बंद करू नका, एवढंच."