नदीच्या अलीकडे

स्कॉटलंडहून आलेल्या लॅकलन ड्रमंडने न्यूझीलंडचं रान तोडून आधी मेंढ्या पाळल्या, मग तिथल्या मूळच्या माओरी लोकांशी लढून तो कॅप्टन झाला आणि लढाई संपल्यावर मंत्री. बंडखोर माओरींच्या जमिनी जप्त करायचा कायदा त्यानेच मंजूर करून घेतला आणि त्याच संध्याकाळी लेकीकडे जेवायला गेला. जावई हेमी माओरीच. पण त्याने बंडात कधी बंदूक उचलली नव्हती.

एफीने बापापुढे मटणाचं सूप ठेवलं. "हद्द कुठे आखलीस, बाबा?"

"नदीच्या अलीकडचं सगळं सरकारजमा."

"आमचं घरही अलीकडेच आहे की रे."

"नकाशावर रेघ सरळच मारावी लागते, पोरी. त्यात घरं दिसत नाहीत."

झोपलेलं लेकरू उचलून हेमी बाहेर ओट्यावर जाऊन बसला. लॅकलनला वाईट वाटलं नाही. वाईट वाटत नाही, याचंही फारसं काही वाटलं नाही. सूप संपलं तसा त्याने सवयीने वाडगा पुढे केला.

एफीने तो काठोकाठ भरला.



"लाजू नका, मंत्रिसाहेब. घर आपलंच समजा."