दुसरं गिऱ्हाईक

एजंटाकडे नानांचं काम एवढंच. घर बघायला आलेलं गिऱ्हाईक 'विचार करून सांगतो' म्हणालं, की दारातून आत शिरायचं, भिंतीवर टिचकी मारायची आणि म्हणायचं, "यांना नको असेल तर मी घेतो." भाव पडलेले असोत की चढलेले, गिऱ्हाईक तिथल्या तिथे टोकन काढून द्यायचं.

पुढे नानांच्याच घरमालकानं त्यांच्या दोन खोल्या विकायला काढल्या. एजंट तोच. बघायला आलेलं जोडपं नाकं मुरडत फिरलं. "भाव अजून उतरतील. विचार करून सांगतो," म्हणत चपला घालायला लागलं.

भाव उतरतायत, मग आपल्यालाही जमेल, असं नानांच्या मनात आलं. अठरा वर्षांपूर्वी बायकोनं खिळा ठोकला होता, त्या भिंतीवर त्यांनी हात टेकला.

"यांना नको असेल तर मी घेतो," ते एजंटाला म्हणाले. "खरंच घेतो. कुठूनही पैसे उभे करतो."

जोडप्यानं एकमेकांकडे पाहिलं आणि चपला काढल्या.

टोकन देऊन ते गेल्यावर एजंटानं नानांच्या हातात नेहमीचं पाकीट ठेवलं.

"आज मात्र कमाल केलीत, नाना. डोळ्यांत पाणी कसं हो आणलंत?"