एक फोन चालू

"वहिनी, आता तुमचाच तेवढा चालू आहे," ड्रोनवाला हळूच म्हणाला. दरीच्या कडेला जमलेल्या गावानं आपापले फोन बंद केले होते. एवढ्या फोनांमुळे ड्रोनचा सिग्नल अडत होता, पडद्यावरचं चित्र सारखं तुटत होतं.

द्वारकानं फोन पदराआड घट्ट धरला. "आणि ह्यांचा फोन आला तर?" काल निळा सदरा घालून कड्यावरचा मध काढायला निघताना नवरा म्हणाला होता, "खाली उतरलो की फोन करतो."

जाऊबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. द्वारकानं डोळे मिटून फोन बंद केला.

चित्र स्थिर झालं. कातळाखाली निळा सदरा दिसला. ड्रोन अगदी जवळ गेला, तरी सदऱ्यातला माणूस हलला नाही.

ड्रोन माघारी वळवत ड्रोनवाला म्हणाला, "वहिनी, आता फोन चालू केलात तरी चालेल."

"राहू दे," ती म्हणाली. "आता कुणाचा यायचाय?"