दुसरं कडवं

"हे दुसरं कडवं बघा," औलिसने कागदावर बोट ठेवलं. "सगळं इथेच आहे."

साइमाने चष्मा चढवला आणि वाकून पाहिलं. चर्चच्या सभागृहात रॉक-प्रार्थना नुकतीच आटोपली होती. वादक मंडळी गिटारींच्या वायरी गुंडाळत होती आणि बाकीचे लोक कॉफी अन् वेलदोडा घातलेल्या पावांवर तुटून पडले होते. औलिसचाही जीव तिकडेच अडकला होता. पण ही म्हातारी अंगातला कोटही न काढता कोपऱ्यात त्याची वाट बघत बसली होती, आणि तिने जे विचारलं ते टोलवण्यासारखं नव्हतं.

यार्को तिचा मुलगा. या नदीकाठच्या गावांतून एवढा एकच गायक नावारूपाला आला. गेल्या हिवाळ्यात त्याची गाडी बर्फावरून घसरली आणि तो जागच्या जागी गेला. साइमाच्या कर्मठ ख्रिस्ती पंथात रॉक ऐकणं हेच पाप, मग गाणाऱ्याची काय कथा! तो घर सोडून गेला त्या दिवसापासून पंथातले लोक त्याला मेल्यातच जमा धरत होते. मरण्याआधी पंथातल्या कुणापाशी मन मोकळं करून त्याने क्षमा मागितली असती, तर आईचा जीव भांड्यात पडला असता. तेवढी उसंत त्याला मिळाली नाही. मागे राहिली ती गाणी.

"माझं पोर देवाचं होऊन गेलं, की तसंच गेलं?" तिने विचारलं होतं. "तुम्ही म्हणे गाण्यातनं ओळखता. त्याच्या शेवटच्या गाण्यातनं काय ते सांगा. सगळं गाणं बघा हं."

औलिस ओळखायचाच. चामडी जाकिटाखाली पांढरी कॉलर घालणारा हा पास्टर त्यासाठी थेट ओउलू शहरापर्यंत प्रसिद्ध होता. व्याख्यानांत तो मोटारसायकलवरच्या गाण्यातूनही कोकरू, क्रूस आणि रिकामी कबर काढून दाखवायचा, आणि लोक माना डोलवायचे. यार्कोचं हे गाणं तर त्याचा हुकमी एक्का होता. त्याने घसा साफ केला आणि सवयीने जरा मोठ्यानेच वाचलं.

"मी उठतो आता, घरी निघतो,
डुकरांपुढचा कोंडा पुरे झाला.
दारातून हाक मारीन बापाला,
मुलगा नको म्हणूस, गडी तरी म्हण."

"बायबलातली उधळ्या मुलाची गोष्ट," तो म्हणाला. "सगळं उडवून डुकरं राखायची पाळी आली, तेव्हा बापाकडे परतलेला मुलगा. हे यार्को स्वतःबद्दल म्हणतोय. तो परत निघाला होता, साइमा. मनाने तर पोचलाही होता. असं कडवं आतून आल्याशिवाय कुणाला लिहिताच येत नाही."

"ते मात्र खरं," साइमा म्हणाली.

या ठिकाणी लोकांच्या डोळ्यांत पाणी यायचं. हिच्या डोळ्यांत आलं नाही. औलिसला जरा चुकल्यासारखं झालं.

"आणि पहिलं?" तिने विचारलं. "तिसरं?"

त्याने कागदावरून नजर फिरवली. पहिल्यात पेट्रोल पंपावरची कॉफी होती, तिसऱ्यात पहाटे रस्त्यावरचं बर्फ सारणारी गाडी. ही कडवी आपण कधी नीट वाचलेलीच नाहीत, हे त्याला आत्ता कळलं. व्याख्यानात हे गाणं लावलं, की पहिलं कडवं संपेपर्यंत तो पाणी पिऊन घ्यायचा. त्याची त्यालाच लाज वाटली, आणि ती झाकायला तो हसला.

"ती खोगीरभरती हो. चाल भरून काढायला काहीतरी लागतंच. जीव असतो तो एकाच कडव्यात."

साइमाने हातमोजे मांडीवर ठेवले. मग खुर्ची पुढे ओढून हळू आवाजात बोलली.

"एक सांगते, कुणाला बोलू नका. आमच्या लोकांत कळलं तर मला तोंड दाखवायला जागा राहायची नाही. त्याचा फोन आला होता. म्हणाला, आई, मधलं कडवं काही जमेना. तू रोज बायबल वाचतेस, दे ना काहीतरी. मी पीठ मळत होते. हात पुसले आणि दिलं सांगून. त्याच्या तोंडून जे ऐकायचं होतं, तेच सांगितलं. तो हसला. म्हणाला, बसतंय चालीत."

"तरी यार्कोने ते गायलं ना," असं औलिसच्या ओठावर आलं. या घडीलाही आपल्याला असलं काहीतरी सुचतंय, याची त्याला शरम वाटली. आईने लेकासाठी केलेली इच्छा त्याने तिलाच वाचून दाखवली होती, लेकाचा पुरावा म्हणून, आणि वर केवढ्या तोऱ्यात. कुठे तोंड लपवावं ते त्याला कळेना.

त्याने कागद जवळ ओढला आणि पहिलं कडवं वाचायला घेतलं. पंप. कागदी पेला. बाकावर शेजारी ठेवलेला दुसरा पेला, कुणासाठी ते लिहिलेलं नव्हतं. एरवी त्याने त्या पेल्याचं क्षणात काहीतरी करून टाकलं असतं. आज त्याने तो पेला होता तिथेच राहू दिला.

"सावकाश वाचा, पास्टर," साइमा म्हणाली. "त्या गाण्यात माझ्या पोराचं स्वतःचं म्हणावं, ते तेवढ्या खोगीरभरतीतच आहे."